सर्पदंशाची लस आणि संशोधनाचा पैसा

नवे औषध माणसाला देण्याआधी ते तपासण्याचा खर्च बहुतेक वेळा ते बनवणारी कंपनीच करते. यात मुळात गैर काही नाही. ज्याला औषध विकून नफा कमवायचा आहे, त्यानेच ते सुरक्षित असल्याचा पुरावा आणावा, अशी कायद्याचीही अपेक्षा आहे. अडचण त्यानंतर सुरू होते. कंपनी स्वतः रुग्ण तपासत नाही. त्यासाठी तिला वैद्यकीय महाविद्यालय, रुग्णालय किंवा संशोधन संस्था लागते, तिथले डॉक्टर लागतात, आणि त्या डॉक्टरांवर रुग्णांनी टाकलेला विश्वास लागतो. हा विश्वास संस्थेने अनेक वर्षांत कमावलेला असतो आणि चाचणीच्या काळात तो कंपनीच्या कामी येतो. त्या बदल्यात संस्थेला निधी, उपकरणे, कर्मचाऱ्यांचे पगार आणि नामवंत नियतकालिकांत शोधनिबंध मिळतात. ‘ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी’ हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. वैद्यकातली पोळी मात्र अनेकदा इतक्या हातांतून फिरून येते की टाळी वाजवणाऱ्यालाही आपण मिंधे झालो आहोत हे कळत नाही.

या विषयाची चर्चा सहसा मुंबई-पुण्यातील मोठ्या महाविद्यालयांपुरती होते. पण तो समजून घ्यायला पुणे जिल्ह्याचा उत्तर भाग अधिक सोयीचा आहे. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे प्रीमियम सीरम्स अँड व्हॅक्सिन्स ही सर्पविषावरचा उतारा बनवणारी कंपनी आहे. तिची औषधे भारतात वापरली जातात आणि आफ्रिकेतील सापांसाठीही ती वेगळा उतारा बनवते. त्याच नारायणगावात डॉ. सदानंद राऊत अनेक वर्षे सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार करत आहेत आणि दंशाने एकही मृत्यू होऊ नये यासाठी गावोगाव जनजागृती करत आहेत. दंश होणारी माणसेही याच परिसरातली. वीज रात्री येते म्हणून अंधारात उसाला पाणी द्यायला गेलेला शेतकरी, कोपीत जमिनीवर झोपलेले ऊसतोडीचे कुटुंब, शेजारच्या आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला भीमाशंकरच्या उतारावर भातखाचरात वाकलेली महादेव कोळी बाई. औषध बनवणारा, ते टोचणारा आणि ज्याला ते टोचायचे तो, असे तिघेही दोन तालुक्यांत भेटतील असे दुसरे ठिकाण राज्यात क्वचितच सापडेल. पुढे मांडलेले प्रश्न कोणा एका कंपनीच्या किंवा डॉक्टरच्या वर्तनाबद्दलचे नाहीत. ते रचनेबद्दलचे आहेत. संशोधनाचा पैसा कुठून येतो आणि त्यामुळे काय शोधले जाते, काय राहून जाते, हे पाहायला हा परिसर उपयोगी पडतो.

गावात जिला सर्पदंशाची लस म्हणतात, ती शास्त्रीय अर्थाने लस नव्हे. सापाचे विष अगदी थोड्या मात्रेत घोड्याला वारंवार टोचले जाते, घोड्याच्या रक्तात त्या विषाविरुद्धची प्रतिपिंडे तयार होतात, आणि ती रक्तद्रवातून वेगळी काढून, शुद्ध करून, कुपीत भरली जातात. भारतातील उतारा चार सापांच्या विषांवर चालतो: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. सह्याद्रीच्या झाडीत आढळणाऱ्या चापड्यासारख्या सापासाठी त्यात काही नाही. कुपीवर छापलेले असते की एक मिलिलिटर उतारा नागाचे ०.६, मण्यारीचे ०.४५, घोणशीचे ०.६ आणि फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करतो. हे आकडे उंदरांवरच्या चाचणीतून येतात. माणसाच्या अंगात किती विष गेले आहे, हे खाटेजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरला मोजता येत नाही.

त्याच्या हाती असते ती एक साधी काचेची परीक्षानळी. ती कोरडी आणि स्वच्छ हवी, साबणाचा अंशही नको. त्यात रुग्णाचे दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, नळी न हलवता वीस मिनिटे ठेवायची आणि मग हळूच तिरकी करायची. रक्त गोठले नसेल आणि पाण्यासारखे वाहिले, तर घोणस किंवा फुरशाचे विष रक्तात भिनले आहे. अशा रुग्णाला साधारण आठ ते दहा कुप्या सलाइनमधून दिल्या जातात, अ‍ॅड्रेनलिन भरलेली सिरिंज शेजारी तयार ठेवली जाते, कारण घोड्याच्या प्रथिनांची तीव्र अ‍ॅलर्जी येऊ शकते. सहा तासांनी पुन्हा तीच नळी. मण्यारीच्या दंशात ही नळीही काही सांगत नाही. तिथे पापण्या जड होणे, गिळता न येणे, श्वास उथळ होणे एवढीच लक्षणे असतात, आणि दंशाची खूण तर कित्येकदा सापडतही नाही.

या एका उपचारात संशोधनाचे किती प्रश्न दडले आहेत पाहा. दहा कुप्या खरोखर लागतात की सहा पुरतात? अ‍ॅलर्जी कोणत्या उत्पादकाच्या औषधाने कमी येते? आणि सर्वांत महत्त्वाचे, जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या शिवारातील घोणशीचे विष या उताऱ्याला दाद देते का? शेवटचा प्रश्न पोकळ नाही. देशातील बहुतेक उत्पादकांना विष पुरवते ती तमिळनाडूतील इरुळा आदिवासींची सहकारी संस्था, जी १९७८ मध्ये स्थापन झाली. म्हणजे औषध नारायणगावात, हैदराबादेत किंवा मुंबईत तयार झाले तरी त्याच्या मुळाशी बहुधा तमिळनाडूतील सापाचे विष असते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते, हे आता पुरेसे सिद्ध झाले आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर यांच्या प्रयोगशाळेने २०१९ पासून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांतून दिसले की बाजारातील उतारा देशाच्या काही भागांतील विषांवर अपेक्षेपेक्षा बराच कमी पडतो.

यांपैकी कोणत्या प्रश्नावर पैसा खर्च करायला उत्पादक तयार होईल? आपला उतारा सुरक्षित आहे आणि चालतो, एवढे दाखवणारी चाचणी तो करील, कारण परवान्यासाठी ती लागते. दोन उत्पादकांची औषधे समोरासमोर तपासण्यात त्याला धोका आहे. कमी कुप्यांत काम भागते, हे सिद्ध झाले तर विक्री घटते. कमी मात्रेच्या उपचारावरचे भारतातील अभ्यास प्रामुख्याने शासकीय आणि मिशनरी रुग्णालयांतून झाले ते यामुळेच: औषधाचा तुटवडा तिथे होता, आणि गरिबाचे बिल डोळ्यांसमोर होते. निधीचा प्रभाव म्हटले की लोकांना लाच, परदेशवारी, खोटे आकडे आठवतात. तेही घडते. पण अधिक वेळा प्रभाव यापेक्षा शांतपणे काम करतो. कोणी काही लपवत नाही. फक्त एक प्रश्न विचारलाच जात नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचा शोधनिबंध नसतो.

सर्पदंशात याची दुसरी बाजूही आहे, आणि ती तितकीच गंभीर आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले असावेत, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मृत्यूंच्या देशव्यापी अभ्यासाने मांडला. बहुतेक मृत्यू खेड्यांतले. एवढे मोठे संकट असूनही जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत ठोसपणे स्थान दिले ते २०१७ मध्ये. रुग्ण गरीब आहे, औषध आयुष्यात एकदा लागते, किंमत काही शे रुपयांच्या आसपास सरकारी नियंत्रणात आहे. मोठ्या कंपनीला यात रस वाटावा असे काही नाही. फ्रान्सच्या सनोफीने आफ्रिकेसाठीचा फाव-आफ्रिक हा उतारा बनवणे थांबवले आणि त्याचा शेवटचा साठा २०१६ च्या जूनमध्ये मुदतबाह्य झाला. ती पोकळी भरून काढण्यात भारतीय उत्पादकांचा वाटा मोठा आहे. म्हणून कंपन्यांचा पैसा वैद्यकीय संशोधनातून हद्दपार करा, ही मागणी ऐकायला स्वच्छ वाटली तरी जुन्नरच्या रुग्णाच्या कामाची नाही. नारायणगावातील घोडे, शीतगृहे आणि प्रयोगशाळा यांच्याशिवाय संशोधनाला लागणारे औषधच उपलब्ध होणार नाही. विद्यापीठातील संशोधकाला तपासायला कुपी हवी असेल तर ती उत्पादकाकडूनच येते, आणि उताऱ्याचे रसायन कळणारे तज्ज्ञही बरेचदा उत्पादकाच्याच पगारावर असतात. त्यांचे नाव शोधनिबंधावर येणे यात वावगे नाही. ते कुठे नोकरी करतात हे तिथेच, स्पष्ट छापलेले असले पाहिजे.

पैशाने निष्कर्ष कलतात का, याचे उत्तर आता अंदाजावर सोडण्याची गरज उरलेली नाही. कॉक्रेन या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात उत्पादकाने निधी दिलेले अभ्यास आणि इतर अभ्यास यांची तुलना केली गेली. उत्पादकाच्या निधीतून झालेल्या अभ्यासांत औषध परिणामकारक ठरण्याची शक्यता सुमारे २७ टक्क्यांनी आणि निष्कर्ष औषधाच्या बाजूने लिहिला जाण्याची शक्यता सुमारे ३४ टक्क्यांनी अधिक आढळली. यातली लक्षात ठेवण्याजोगी बाब अशी की अभ्यासाच्या तांत्रिक दर्जाच्या नेहमीच्या कसोट्यांवर हे अभ्यास कमी पडत नव्हते. कल येतो तो तुलनेसाठी काय निवडले, मात्रा किती ठेवली, कोणता निकाल प्रसिद्ध केला, अशा ठिकाणांहून.

करारातील एक ओळ काय करू शकते याची दोन उदाहरणे जगभर शिकवली जातात. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात बेटी डाँग यांनी थायरॉइडवरच्या सिंथ्रॉइड या महागड्या औषधाची इतर स्वस्त औषधांशी तुलना केली. निधी उत्पादक बूट्स कंपनीचा होता. औषधे सारखीच निघाली. करारात कंपनीच्या लेखी संमतीशिवाय प्रसिद्धी नाही, असे कलम होते. छपाईला तयार असलेला निबंध जानेवारी १९९५ मध्ये मागे घ्यावा लागला आणि १९९७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. मधली दोन वर्षे रुग्ण महाग औषधच घेत राहिले. दुसरे उदाहरण टोरोंटोच्या बालरुग्णालयातील नॅन्सी ऑलिव्हिएरी यांचे. थॅलसेमियाच्या मुलांच्या अंगात साचणारे लोह काढणाऱ्या डेफेरिप्रोनची चाचणी त्या करत होत्या. औषधाचा धोका रुग्णांना सांगायला हवा असे १९९६ मध्ये त्यांना वाटले, तेव्हा अ‍ॅपोटेक्स कंपनीने चाचणी थांबवली आणि गोपनीयतेच्या कलमावर बोट ठेवून कायदेशीर कारवाईचा इशारा दिला. त्याच सुमारास टोरोंटो विद्यापीठ या कंपनीशी मोठ्या देणगीची बोलणी करत होते. डेफेरिप्रोन पुढे अनेक देशांत वापरात राहिले आणि त्याच्या गुणदोषांवर मतभेद आहेत. पण रुग्णाला धोका सांगण्याचा डॉक्टरचा अधिकार करारावर टांगता येतो का, हा प्रश्न औषध चांगले की वाईट यावर अवलंबून नाही.

जुन्नर-आंबेगावपासून हे फार लांबचे वाटू नये. आंबेगावला लागूनच शिरूर तालुका आहे, आणि तिथल्या वढू बुद्रुक येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्य केंद्र आहे. १९७० च्या दशकात डॉ. बानू कोयाजी यांनी या कामाची घडी बसवली. २००२ पासून २२ गावांतील प्रत्येक घराची जन्म-मृत्यू-स्थलांतराची नोंद तिथे ठेवली जाते. अशी नोंद असलेला भाग चाचणीसाठी मोलाचा असतो, कारण टोचलेले मूल दोन वर्षांनी कुठे आहे हे सांगता येते. त्यामुळे वढूत मोठ्या चाचण्या आल्या. रोटाव्हॅक या लसीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुणे अशा तीन केंद्रांत ६,७९९ बाळांवर झाली. पुण्याचे केंद्र हेच. निधी एकाचा नव्हता. केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग, उत्पादक भारत बायोटेक, गेट्स फाउंडेशन, पाथ ही संस्था, शिवाय नॉर्वे आणि ब्रिटनमधील सार्वजनिक संस्था, अशा अनेकांनी तो उचलला. २०१४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा आयुष्याच्या पहिल्या वर्षात रोटाव्हायरसच्या तीव्र जुलाबांपासून सुमारे ५६ टक्के संरक्षण दिसले.

वाद झाला तो दुसऱ्याच मुद्द्यावर. आतड्यात आतडे अडकण्याचा दुर्मीळ धोका तिन्ही केंद्रांत सारखा होता का, की एका केंद्रात अधिक होता, याचे केंद्रनिहाय आकडे जाहीर करा, अशी मागणी काही डॉक्टरांनी केली. संशोधकांचे म्हणणे होते की संख्या इतकी लहान आहे की केंद्रनिहाय तोडून पाहिल्यास चुकीचा अर्थ निघेल. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले. संशोधकांचा युक्तिवाद संख्याशास्त्राच्या दृष्टीने निराधार नव्हता. तरीही सार्वजनिक पैसा लागलेल्या चाचणीचे आकडे मागणाऱ्याला विश्वास ठेवा असे सांगणे पुरेसे नाही. आकडे द्यावेत आणि त्यांची मर्यादा सोबत लिहावी. विश्वास त्यातूनच टिकतो.

याउलट, गोवराच्या श्वासावाटे द्यायच्या लसीची चाचणी. पुणे जिल्ह्यातील खेड्यांत २,००४ बाळांवर ती झाली. लस सीरम इन्स्टिट्यूटची होती. चाचणी जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने, गेट्स फाउंडेशनच्या निधीतून झाली. सुईऐवजी वाफाऱ्याने लस देता आली असती तर मोठीच सोय होती. निकाल २०१५ मध्ये आला: वाफाऱ्याने ८५.४ टक्के बाळांत प्रतिपिंडे आढळली, सुईने ९४.७ टक्के. वाफारा कमी पडला, आणि तसेच छापले गेले. साठवलेले नमुने वितळल्याने ३३१ बाळांचे निकाल हाती आले नाहीत, हेही निबंधात लिहिले आहे. पैसे देणाऱ्याला हवे ते उत्तर मिळाले नाही तरी ते बाहेर येते, यासाठी चाचणीची सूत्रे विकणाऱ्याच्या हातात नसावीत. त्याचा हा नमुना आहे.

विकणारा आणि राखणारा यांच्यातील रेषा सरकारी बाजूनेही पुसली जाऊ शकते. कोविडच्या काळात कोव्हिशिल्डच्या भारतातील चाचणीसाठी केंद्रांचे शुल्क भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, दिले आणि इतर खर्च सीरमने केला. चेन्नईतील एका सहभागी व्यक्तीने गंभीर त्रास झाल्याचा दावा करून ५ कोटींची भरपाई मागितली, तेव्हा कंपनीने आरोप फेटाळत १०० कोटींहून अधिक रकमेच्या दाव्याचा इशारा दिला. त्रास लसीमुळे झाला की नाही हा वेगळा प्रश्न. पण तक्रार केल्यास शंभर कोटींचा दावा होऊ शकतो, असे ऐकलेला गावाकडचा माणूस पुढच्या चाचणीत तक्रार करायला धजेल का? कोव्हॅक्सिनमध्ये तर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळा केलेला विषाणू वापरला गेला आणि विक्रीवर ५ टक्के स्वामित्वधन आयसीएमआरला मिळण्याचा करार झाला. त्या पैशातून पुढचे संशोधन होणे चांगलेच. पण वैद्यकीय संशोधनाच्या नैतिकतेची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे लिहिणारीही हीच परिषद आहे, आणि लसीची भलामण व चिकित्सा एकाच तोंडून झाली.

कायद्याने मात्र गेल्या दोन दशकांत बरीच मजल मारली आहे. प्रत्येक चाचणीची नोंद ठेवणारी राष्ट्रीय नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून औषध चाचण्यांना ती सक्तीची झाली. आंध्र प्रदेश आणि गुजरातमध्ये पाथ संस्थेच्या प्रकल्पात मुलींना एचपीव्ही लस देण्यात आली होती. वसतिगृहातील मुलींची संमती पालकांऐवजी इतरांकडून घेतल्याचे उघड झाले, २०१० मध्ये प्रकल्प थांबला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने कठोर अहवाल दिला. त्याच वर्षी चाचणीत इजा झाल्यास भरपाईचा नियम आला. २०१९ च्या नव्या औषध व चाचणी नियमांनी भरपाईचे सूत्र, सहभागींचे उपचार आणि नैतिकता समितीची रचना पक्की केली. समितीत किमान सात सदस्य, त्यांपैकी निम्मे संस्थेबाहेरचे, एक सामान्य नागरिक, एक स्त्री आणि एक कायदा जाणणारा असावा लागतो. तरीही समितीच्या तपासणीचे शुल्क प्रायोजकच भरतो आणि चाचणी आली तर संस्थेला उत्पन्न मिळते. बाहेरचे सदस्य म्हणूनच महत्त्वाचे.

पैशाविना काय होऊ शकते, याचे महाराष्ट्रातील उत्तर महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्याकडे आहे. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने मुले दगावत. १९८० च्या दशकात त्यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध यावर चालते हे दाखवले. कोणत्याही उत्पादकाला यातून बाजार मिळणार नव्हता. पुढे विंचवाच्या विषावरचा उतारा आला, तेव्हा आपल्याच उपचाराला धक्का बसेल याची पर्वा न करता त्यांनी ७० रुग्णांवर तुलना केली: प्राझोसिनसोबत उतारा दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसत्या प्राझोसिनने ३५ पैकी ८. हा निबंध २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. पण एका डॉक्टरच्या जिद्दीवर देशाचे संशोधन चालवता येत नाही.

मार्च २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करण्याचे उद्दिष्ट आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्यांनी सर्पदंश कळवणे बंधनकारक करावे, असे केंद्राने सुचवले. या दोन्हींचा उपयोग निधीच्या प्रश्नासाठीही होऊ शकतो. आंबेगाव तालुक्यातील मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात, घोडेगाव आणि जुन्नरच्या ग्रामीण रुग्णालयांत प्रत्येक दंशाची नोंद एकाच नमुन्यात झाली, म्हणजे किती कुप्या, कोणत्या उत्पादकाच्या, कोणत्या बॅचच्या, सहा तासांनी रक्त गोठले का, अ‍ॅलर्जी आली का, रुग्ण वाचला का, तर जे प्रश्न कोणी पैसे देऊन विचारणार नाही त्यांची उत्तरे सरकारी कागदांतूनच मिळू लागतील. ही माहिती जनतेची राहायला हवी. उत्पादकाने कुप्या मोफत दिल्या तरी माहितीवर आणि तिच्या प्रसिद्धीवर त्याचा हक्क असू नये, आणि सह्याद्रीतील सापांचे विष गोळा करून तपासण्याचा खर्च सरकारनेच करायला हवा. विष चढलेल्या, पापण्या मिटू लागलेल्या माणसाकडून चाचणीची संमती घेणे हे तर वेगळेच अवघड काम आहे. तिथे सही बहुधा घाबरलेल्या नातेवाइकाची असते. म्हणून मराठी संमतिपत्रात चाचणीचा खर्च कोण करतो आणि नकार दिला तरी हाच उपचार मिळेल, ही दोन वाक्ये पहिल्याच पानावर हवीत.

राष्ट्रीय नोंदवही कोणालाही उघडून पाहता येते. चाचणीचा प्रायोजक कोण, पैसा किंवा साहित्य कोणी दिले, कोणत्या केंद्रात रुग्ण घेतले जाणार, कोणत्या नैतिकता समितीने मान्यता दिली, हे सर्व तिथे रकान्यांत लिहिलेले असते. कंपनी आणि संस्था यांच्यातील कराराचा मजकूर मात्र त्यात नसतो. तो समितीपुढे जातो आणि तिथेच राहतो. निकाल रोखून धरण्याचा हक्क कोणाला आहे, हे त्या करारातच लिहिलेले असते.